अठरा महिन्यांचा रिपोर्ट

जाड टिपकागदाचं एक छोटं कार्ड असतं, त्यावर पाच गोल छापलेले. दीड महिन्याच्या बाळाची टाच आधी हाताने चोळून गरम करायची, मधोमध न टोचता कडेला टोचायची. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा थेंब मोठा होऊ द्यायचा आणि तो कागदाला असा टेकवायचा, की एका थेंबात एक गोल भरला पाहिजे. एकाच गोलावर दुसऱ्यांदा थेंब सोडला तर नमुना बिघडतो. मग कार्ड आडवं ठेवून, ऊन लागू न देता किमान चार तास वाळवायचं आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेला पाठवायचं. दवाखान्यात याला ‘डीबीएस’ म्हणतात, म्हणजे वाळवलेल्या रक्ताचा नमुना. एचआयव्हीसह जगणाऱ्या आईचं बाळ नांदेडमध्ये जन्मो की लातूरमध्ये, त्याच्या रिपोर्टाची सुरुवात या कार्डाने होते. शेवट मात्र दीड वर्षाने होतो.

इतका उशीर का? आईची तपासणी ज्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत होते, त्याच पट्टीवर बाळाची का होत नाही? कारण ती पट्टी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. आणि आई आपली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देतेच. गोवर, धनुर्वात आणि एचआयव्हीचीही. त्यामुळे लागण झालेली असो वा नसो, अशा प्रत्येक बाळाची पट्टी जन्मताच ‘पॉझिटिव्ह’ येते. आईकडून आलेली ही प्रतिपिंडं विरायला नऊ ते अठरा महिने लागतात. तोवर विषाणू स्वतःच आहे का, हे बघायचं तर त्याची जनुकीय खूण शोधावी लागते, आणि त्यासाठी ते कार्ड. दीड महिना, सहा महिने, बारा महिने आणि शेवटचा निर्वाळा अठरा महिन्यांना, असं हे वेळापत्रक आहे. भारतात डीबीएसची सोय सरकारी कार्यक्रमात २०१० पासून आली. त्याआधी मराठवाड्यातली आई दीड वर्ष नुसती वाट बघत असे. लागण झालेल्या अनेक बाळांना तेवढं आयुष्यच मिळत नसे. आफ्रिकेतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी २००४ मध्ये झाली. त्यात उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी निम्म्याहून अधिक दोन वर्षांची होण्याआधीच दगावल्याचं दिसलं.

म्हणून दीड महिन्याची तारीख एवढी महत्त्वाची. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. अ‍ॅव्ही व्हायोलारी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या आत औषधं सुरू केलेल्या बाळांमधले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. बाळ वरून ठणठणीत दिसतंय, वजन वाढतंय, मग कशाला घाई, या विचाराला त्या अभ्यासाने पूर्णविराम दिला. पहिलं कार्ड पॉझिटिव्ह आलं की दुसरं घेतात, पण औषधासाठी त्याची वाट बघत बसत नाहीत.

औषधाचा प्रश्न विज्ञानाने गेल्या तीस वर्षांत जवळजवळ सोडवला आहे. आपल्याकडे अडतं ते तारखांवर. आधी औषधाचं सांगतो, कारण त्या गोष्टीतला एक मोठा तुकडा आपल्या पुण्यात घडला आहे.

आईकडून बाळाला लागण तीन वाटांनी होते: पोटात असताना, बाळंतपणाच्या वेळी आणि अंगावर पाजताना. काहीच केलं नाही तर शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना ती होऊ शकते. उलट बाजूने वाचा, उपचार नसतानाही निम्म्याहून अधिक बाळं सुटतात. ‘आईला आहे म्हणजे लेकराला असणारच’ हा समज गावागावांत घट्ट बसलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत झिडोव्हुडीन हे औषध आईला गर्भारपणात आणि कळांच्या वेळी, मग बाळाला सहा आठवडे दिलं. लागणीचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. पण ते औषध तेव्हा भयंकर महाग होतं आणि त्या अभ्यासातल्या आया अंगावर पाजत नव्हत्या. मराठवाड्यातल्या बाईला यातलं काहीच लागू नव्हतं.

१९९९ मध्ये युगांडातल्या कंपाला शहरातून वेगळी बातमी आली. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी, बाळाला तीन दिवसांच्या आत सिरपचा एक डोस, बस्स. एवढ्यानेही लागण जवळजवळ निम्मी होत होती. भारतात २००० साली अकरा मोठ्या रुग्णालयांत झिडोव्हुडीन देऊन पाहिलं होतं, पण पुढे देशभर पसरली ती ही एका गोळीची पद्धत. खिशाला परवडणारी, बाईच्या पिशवीत आधीच देऊन ठेवता येणारी. तिचे दोन दोष मात्र लवकरच कळले. एक डोस घेऊन थांबल्यावर बऱ्याच आयांच्या अंगातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होई, आणि अंगावर पाजण्याचे पुढचे महिने तसेच उघडे राहत.

इथे पुणे येतं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एक चाचणी झाली. तीच इथिओपिया आणि युगांडातही झाली. प्रश्न साधा होता: बाळाला एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिलं तर? २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या वयात एका डोसाच्या गटात ५.३ टक्के बाळांना लागण होती, सहा आठवडे औषध घेतलेल्यांत २.५ टक्के. पण बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत दोन्ही गटांतला फरक पुसट झाला, कारण औषध थांबलं होतं आणि पाजणं चालू होतं. माझ्या मते या चाचणीतला हा दुसरा भागच जास्त बोलका आहे. जितके महिने पाजणं, तितके महिने संरक्षण हवं, हे त्यातून स्वच्छ दिसलं. पुढे सात देशांत झालेल्या ‘प्रॉमिस’ या मोठ्या चाचणीत पुण्याचं केंद्र होतंच. आई स्वतः रोज औषध घेत राहिली तर अंगावरच्या दुधातून लागण होण्याचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्याही खाली राहतं, हे त्यात सिद्ध झालं.

आज भारतात नियम असा आहे: गरोदर बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की शक्य तितक्या लवकर आयुष्यभराची औषधं. २०१४ पासून हे देशभर लागू आहे. तीन औषधांची मिळून एक गोळी, रोज एक. बाळाला जन्मताच नेव्हिरापिनचं सिरप. अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला रोज एकदा दीड मिलि, दोन ते अडीच किलोच्या बाळाला एक मिलि, त्याहून लहान असेल तर वजनाच्या हिशेबाने. सुई नसलेल्या छोट्या पिचकारीत भरून गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं. किमान सहा आठवडे. आईचं औषध उशिरा सुरू झालं असेल तर बारा. फ्रान्समध्ये गर्भ राहण्याआधीपासून औषध घेणाऱ्या आणि प्रसूतीच्या वेळी रक्तात विषाणू जवळपास न सापडणाऱ्या आयांच्या २६५१ बाळांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला. त्यातल्या एकाही बाळाला लागण नव्हती. थायलंडने २०१६ मध्येच आईकडून बाळाला होणारी लागण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मोहर मिळवली.

आता दुधाचं. या विषयात डॉक्टरांनीच एकेकाळी बायकांना गोंधळात टाकलं होतं, हे कबूल करायला हवं. दुधातून विषाणू जातो, तर पाजूच नका, वरचं दूध द्या, असा सल्ला पुष्कळ वर्षं दिला गेला. पुण्यातच डॉ. मृदुला फडके आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की एचआयव्ही असलेल्या आयांच्या वरच्या दुधावरच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, बोत्सवानात मोठा पाऊस झाला, पाणी दूषित झालं आणि सरकारने फुकट वाटलेल्या दुधाच्या पावडरीवर वाढणारी बाळं जुलाबाने दगावली. एचआयव्हीपासून वाचवलेली बाळं पाण्याने गेली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यात बाटलीचं दूध म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २०१६ साली लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

यापेक्षाही चमत्कारिक शोध दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. १९९९ मध्ये अ‍ॅना कुत्सुदिस आणि सहकाऱ्यांनी तीन महिन्यांच्या बाळांकडे पाहिलं, तेव्हा सर्वांत जास्त लागण निघाली ती थोडं अंगावरचं, थोडं वरचं अशा मिश्र आहारावरच्या बाळांत: २४ टक्के. फक्त अंगावर पिणाऱ्यांत सुमारे १५ टक्के. बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर बाहेरच्या अन्नाने दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं यामागचं कारण मानलं जातं. म्हणून आजचा सल्ला: सहा महिने फक्त आईचं दूध, थेंबभर पाणीही नाही, आणि आईने गोळी चुकवायची नाही.

आणि इथे आपल्या घरातली सहाण मधे येते. समुपदेशक विचारते, “ताई, बाळाला दुसरं काही चाटवलं का?” उत्तर येतं, “नाही ओ म्याडम, काईच नाही. नुसती गुटी.” मायफळ, हळकुंड, मुरडशेंग, वेखंड यांचे वेढे उगाळून दिलेली गुटी, जन्मल्यावर चाटवलेला मध, पोट दुखू नये म्हणून ग्राइप वॉटर, उन्हाळ्यात साखरपाणी. घरातल्या कुणाच्याच लेखी हे ‘वरचं’ नसतं. ते बाळंतपणाचं शास्त्र असतं आणि सासूच्या हातात असतं. त्या सासूला सुनेचा रिपोर्ट माहीत नसतो. मग सून कोणत्या तोंडाने सांगणार, की गुटी नको? आम्ही लेखक मंडळी ‘जनजागृती करावी’ असं लिहून मोकळे होतो. त्यापेक्षा सगळ्याच बाळंतिणींच्या घरी आशाताईने गुटी थांबवायला सांगणं उपयोगी, म्हणजे एकीवर बोट येत नाही. एचआयव्ही नसलेल्या आईच्या बाळालाही त्यात नुकसान काही नाही, फायदाच आहे.

पोटातल्या बाळापर्यंत विषाणूखेरीज आणखी एक माल पोचतो, तो म्हणजे औषधं आणि व्यसनं. आईच्या गोळीने बाळाला काही होतं का, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. २०१८ च्या मे महिन्यात बोत्सवानातून धोक्याची घंटा वाजली. डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध घेत असताना गर्भ राहिलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मणक्यात-मेंदूत जन्मदोष होता. जगभर घबराट उडाली, अनेक देशांनी तरुण बायकांना ते औषध देणं थांबवलं. अभ्यास मात्र थांबला नाही. आकडे हजारांत गेले तसा तो फरक विरत गेला आणि २०२२ पर्यंत इतर औषधांच्या बरोबरीला आला. भारतातल्या आजच्या गोळीत हेच औषध आहे.

सगळाच हिशेब असा सुटत नाही. ‘प्रॉमिस’ चाचणीच्या गर्भारपणाच्या भागात तीन औषधांनी लागण ०.५ टक्क्यांवर आणली, एकट्या झिडोव्हुडीनच्या गटात ती १.८ टक्के होती. पण झिडोव्हुडीन असलेली तीन औषधं घेणाऱ्या आयांची २३ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली, एकटं झिडोव्हुडीन घेणाऱ्यांची १२ टक्के. लागण न झालेल्या, पण पोटात असताना विषाणू आणि औषधं दोन्ही भेटलेल्या मुलांची संख्या जगात आता दीड कोटीच्या वर आहे. ही मुलं पहिल्या वर्षात जरा जास्त आजारी पडतात, वाढीला थोडी मागे राहतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसतं. यावरून गोळी बंद करा असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. अशा बाळाचं वजन जास्त काळजीने बघा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे मात्र ‘निगेटिव्ह’ शब्द कानावर पडला की आई सुटकेचा श्वास टाकते आणि दवाखानाही फाइल बंद करतो.

वजनाचा विषय निघाला म्हणून मिश्रीबद्दल बोलतो. मराठवाड्यात गरोदर बाईला दारू-सिगारेटचं विचारलं तर ती हसेल. पण तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, तर्जनीने दात-हिरड्यांवर लावायची, सकाळी एकदा, दुपारी एकदा, काम उरकल्यावर एकदा. हे व्यसन आहे असं तिला वाटतच नाही. ‘दात घासते’ एवढंच ती म्हणते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये निष्कर्ष मांडले: धुराविना तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. फारच अकाली, म्हणजे बत्तीस आठवड्यांच्याही आधी जन्मण्याचा धोका तर जवळजवळ पाचपट. कराडकडे डॉ. आशा प्रतिनिधी आणि सहकाऱ्यांनी मिश्री लावणाऱ्या गरोदर बायकांना समजावून सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणींनी ती सोडली किंवा कमी केली. म्हणजे सांगितलं तर ऐकतात. विचारणाराच कमी.

१०५ ग्रॅम म्हणजे फार नाही, असं वाटेल. तीन किलोच्या बाळाला नाहीच. पण आई रक्तक्षयाची, बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर, त्यात औषधांचा थोडा परिणाम, त्यात मिश्री, असं सगळं एकाच पोटात साठलं की बाळ नवजात कक्षातल्या पेटीत जातं. आणि त्या पेट्या किती अपुऱ्या आहेत, हे २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला साऱ्या देशाने पाहिलं. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं होती. त्या बातमीचा एचआयव्हीशी संबंध नव्हता. पण एचआयव्हीपासून वाचवलेलं हलकं बाळही शेवटी त्याच दारात येतं.

आता तारखा. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या उपकेंद्रात, गोळ्या नांदेडच्या किंवा लातूरच्या एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) केंद्रातून, बाळंतपण तिसऱ्याच तालुक्यात. देगलूर-धर्माबादकडच्या कित्येक जणींचं माहेर तेलंगणात, उदगीर-देवणीकडच्यांचं बिदरकडे. राज्य बदललं की रजिस्टर बदललं. किनवट-माहूरहून नांदेडला यायचं तर अख्खा दिवस आणि एक मजुरी मोडते. शिवाय आईच्या गोळ्या एका खिडकीवर, बाळाचं कार्ड दुसऱ्या खिडकीवर. गोळीच्या डब्यावरचं लेबल फाडून त्या दुसऱ्याच डब्यात भरून ठेवणाऱ्या बाईला दोन ठिकाणी हजेरी लावायला काय काय कारणं रचावी लागत असतील, याचा विचार करा. भीती उगाच नसते. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्ही असलेल्या मुलांना शाळेत घेतल्यावरून गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. असा भेदभाव करायला आणि संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट फोडायला बंदी करणारा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. गावात किती जणांना तो माहीत आहे, हा वेगळा विषय.

सर्वांत अवघड हिशेब ऊसतोडीचा. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या बाजूंनी दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात ते मार्च-एप्रिलमध्येच परततात. समजा बाळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला जन्मलं. दीड महिन्याचं कार्ड येतं नोव्हेंबरच्या मध्यावर, तेव्हा आई सांगली-कोल्हापूरकडे फडाच्या कडेला पालात. सहा महिन्यांची तपासणी एप्रिलमध्ये, टोळी परतली तर ठीक. बारा महिन्यांची पुन्हा ऑक्टोबरमध्ये, उचल घेऊन झालेली, मुकादम घाई करतोय. अठरा महिन्यांची पुन्हा एप्रिलमध्ये. चारांतली एक तारीख सरळ बुडते आणि उरलेल्या तिन्ही जाण्या-येण्याच्या काठावर लटकतात. बुडते ती नेमकी पहिली, जिच्यावर बाळाचं आयुष्य सर्वांत जास्त अवलंबून.

कार्यक्रमात याची सोय नाही असं नाही. एआरटी केंद्राचं हिरवं पुस्तक, म्हणजे रुग्णाजवळची नोंदवही, दाखवलं तर प्रवासातल्या बाईला दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातूनही गोळ्या मिळतात. स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम दोन-तीन महिन्यांचा साठाही देता येतो. बाळाचं कार्डही दुसऱ्या जिल्ह्यात भरता येतं, फक्त ते बाळ तिथे येणार आहे हे तिथल्या माणसाला आधी कळलं पाहिजे. त्यासाठी नांदेडच्या समुपदेशकाने दिवाळीआधी बाईला विचारायचं, यंदा टोळी कुठल्या कारखान्याला, मुकादम कोणत्या गावचा, फोन कोणाकडे असतो. उत्तर घेऊन पुढचा फोन सांगलीला किंवा कोल्हापूरला लावायचा. सिरपची बाटली आणि पिचकारी मात्र बाईच्या हातात इथूनच द्यायची, पालात दीड मिलि कुठपर्यंत भरायचं याची खूण पिचकारीवर पेनाने करून.